कोऱ्या नमुन्यातला माणूस

खराडेबाईंच्या यंत्राला सगळा जिल्हा ‘मिक्सर’ म्हणायचा, आणि त्याला कारणही तसंच होतं. प्रथिनं वाचणाऱ्या यंत्राची परदेशात देखणी पांढरी पेटी असते, तिच्यावर निळे दिवे असतात आणि किंमत ऐकून माणसाला घेरी येते. वैजयंती खराडे यांनी आपलं यंत्र एका बुडालेल्या कारखान्यातून किलोवर घेतलेल्या मिक्सरच्या सांगाड्यांत बसवलं होतं. वरचं भांडं काढलं, तीन गती दाखवणारं बटण मात्र तसंच राहिलं. गावोगावच्या तंत्रज्ञांना ते फिरवून बघायचा मोह आवरत नसे. बटण कशालाच जोडलेलं नाही, असं बाई प्रत्येकाला सांगायच्या, आणि कुणालाच ते पटायचं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका बाजूला लेथचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला पिस्टनचे साचे, अशा मधल्या गाळ्यात त्यांचं वर्कशॉप होतं. तिथं त्या आणि त्यांची सून केतकी, दोघीच यंत्रं जोडायच्या. यंत्र बाहेर जाण्याआधी त्यावर कोरा नमुना चालवायचा, हा तिथला नियम. कोरा नमुना म्हणजे नुसतं गाळलेलं पाणी. पाण्यात काही नसतं, तेव्हा यंत्रानंही ‘काही नाही’ म्हणायला हवं. तसं म्हटलं की खोक्यात घालायचं आणि गाडीत चढवायचं.

त्या मंगळवारी जयसिंगपूरला जायच्या यंत्रानं ‘काही नाही’ म्हटलं नाही.

वैजयंतीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुसला, परत नाकावर घेतला. पडद्यावर लिहिलं होतं: मानवी कातडं, एक व्यक्ती. खाली त्या व्यक्तीच्या खुणा होत्या. बाईंनी त्या वाचल्या आणि त्या हळूच स्टुलावर बसल्या. खुणा त्यांच्या मुलाच्या होत्या, आणि मुलगा सात वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या घाटात दरडीखाली गेला होता.

इथं थोडं विज्ञान सांगावं लागेल. घाबरू नका, पेपर द्यायचा नाही.

प्रथिन म्हणजे माळ. तिच्यात वीस प्रकारचे मणी असतात, आणि कोणत्या मण्यामागून कोणता मणी येतो यावर ठरतं की ती माळ रक्तातून प्राणवायू वाहून नेणार, की बोटाचं नख होणार. बाईंच्या यंत्रात नखाएवढी एक पातळ चकती होती आणि तिला डोळ्यांना न दिसणारी भोकं होती. माळ सरळ करून त्या भोकातून ओढायची. प्रत्येक मणी जाताना भोकातला वीजप्रवाह किंचित अडतो. कोणता मणी किती अडवतो हे माहीत असलं की माळ वाचता येते. हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. खर्च होता तो चकतीचा, कारण एकदा वापरली की ती फेकावी लागे. वैजयंतीबाईंच्या मुलानं, इंद्रजितनं, तिच्यासाठी असा एक लेप शोधला की ती जेवणाच्या ताटासारखी विसळून परत घेता येई. तेवढ्या लेपाच्या जोरावर हे यंत्र दूध संघांत आणि तालुक्याच्या दवाखान्यांत पोचलं.

दुसरा खर्च हवेचा. माणसाच्या अंगावरून दिवसभर कातड्याचा भुगा झडत असतो. उन्हाच्या तिरिपेत घरात जी धूळ नाचताना दिसते, तिच्यात बराच भाग आपलाच असतो. कातड्याच्या प्रथिनात माणसागणिक थोडे मणी वेगळे असतात, म्हणून त्या भुग्यावरून माणूस ओळखता येतो. हा भुगा नमुन्यात पडू नये म्हणून मोठ्या प्रयोगशाळांत लोक डोक्यापासून पायापर्यंत झाकून, गाळलेल्या हवेत काम करतात. उद्यमनगरात ते कुठलं परवडायला! इंद्रजितनं त्यावरही शक्कल काढली होती. वर्कशॉपातल्या प्रत्येकाचा एक केस यंत्राला आधीच वाचायला द्यायचा, आणि पुढं त्याच्या खुणा दिसल्या की त्या निकालातून वजा करायच्या. पंगतीत वाढप्यांची पानं मोजत नाहीत, तसं. या घरची तीन माणसं प्रत्येक यंत्रातून अशी वजा होत असत: वैजयंती, केतकी आणि इंद्रजित.

इंद्रजितच्या खुणा बाईंना पाठ होत्या. त्यातल्या चार त्याला बापाकडून आलेल्या होत्या आणि त्या चारही आता पडद्यावर होत्या.

केतकी चहा घेऊन आली. पस्तिशीची, उंच, बोलायला थोडी आणि कामाला वाघ.

“केतकी, वजाबाकीत काही बदललंस?”

केतकीनं कप खाली ठेवला. “बदललंय, आत्या. आज सांगणारच होतो.” कोल्हापूरच्या मुली ‘येतो-जातो’ करतात, आणि सासूला आत्या म्हणायची रीत तिच्या माहेरची. “इंद्रजितचं नाव काढलं. सात वर्षं माणूस नाही. त्याला रोज रोज वजा कशाला करायचं?”

यात वावगं काहीच नव्हतं. केतकीचं लग्न ठरत होतं. जयसिंगपूरच्या मगदूमांचा श्रेयस, स्वभावानं गरीब, घरी आला की चहा पिऊन झाल्यावर स्वतःचा कप विसळून ठेवायचा. बाईंना तो मनापासून आवडला होता. अडलं होतं कायद्यात. दरडीखाली मोटारसायकल सापडली, माणूस सापडला नाही, त्यामुळे केतकी ना सवाष्ण ना विधवा. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो मेला असं कोर्ट धरतं, पण त्याच्या जवळच्या माणसानं तसं शपथेवर सांगावं लागतं. जवळचं माणूस एकच उरलं होतं. पुढच्या महिन्यात तारीख होती, आणि बाईंनी ‘येते’ म्हणून कबूल केलं होतं.

“जुनी धूळ असेल, आत्या,” पडदा बघून केतकी म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. “त्याच्याच हातचं वर्कशॉप हे.”

बाईंनी मान डोलावली, आणि केतकी घरी गेल्यावर धुळीचं वय काढलं.

तेही यंत्रानं काढता येतं. अस्पॅराजिन नावाचा एक मणी असतो, तो पडून राहिला की आपोआप बदलतो. भाकरी शिळी होते तसं त्याचं आहे, कुणी हात लावावा लागत नाही. सात वर्षांच्या धुळीत असे बदललेले मणी ढिगानं सापडायला हवेत. बाईंनी तीनदा पाहिलं. एखाद-दुसरा सोडला तर सगळे मणी ताजे होते. हे कातडं ज्याच्या अंगावरून झडलं, तो याच आठवड्यात या यंत्राजवळ उभा होता.

इथून वैजयंतीबाईंचं पाऊल सरळ पडेना.

आधी त्यांनी गाळ्याच्या मागच्या दाराची कडी काढून ठेवायला सुरुवात केली. मग एका रविवारी पांढरा रस्सा केला, डबा भरून वर्कशॉपात ठेवला, सकाळी डबा लवंडलेला. मांजरानं केलं असणार, हे त्यांनाही कळत होतं. उद्यमनगरात मांजरांची काय कमी! तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी परत डबा ठेवला. दुपारी लेथ बंद झाला की गाळ्यात जी शांतता पसरे तिच्यात त्या कान देऊन बसू लागल्या. स्क्रूड्रायव्हर जागेवर सापडला नाही की त्यांना आनंद व्हायचा. इंद्रजितला कधीच वस्तू जागेवर ठेवायची सवय नव्हती.

रोजचा कोरा नमुना त्या स्वतः चालवू लागल्या, आणि रोज तो त्यात होता. कधी ठळक, कधी फिकट, पण होता. माणूस जिवंत असून आईसमोर येत नाही, म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलेलं असणार. डोक्याला मार लागून कशाची ओळख राहिली नसेल. की लाज वाटत असेल? कशाची? आपण त्याला त्या पावसात वेंगुर्ल्याला जाऊ नको असं सांगितलं होतं की नव्हतं, हेही त्यांना आता नक्की आठवेना.

केतकीनं डबा पाहिला. कडी पाहिली.

“आत्या, तारखेला सकाळीच निघावं लागंल. श्रेयस गाडी घेऊन येतो म्हणालाय.”

“मी येत नाही.”

“काय?”

“ज्याची खबर मला रोज लागतेय, त्याची खबर नाही असं शपथेवर कसं सांगू? तूच सांग.”

केतकीच्या हातातली चकती ओली होती. तिनं ती फडक्यावर पालथी घातली, काळजीपूर्वक, कारण कितीही राग आला तरी चकतीवर काढायचा नसतो. “तो जिवंत असता तर माझ्याकडं आला असता,” ती म्हणाली. “तुमच्याकडं आला नसता एकवेळ. माझ्याकडं आला असता. मी त्या दरडीत उतरलो होतो, आत्या. हातानं दगड उपसले मी. तुम्ही वर रस्त्यावर होता.”

हे खरं होतं. त्या दिवशी केतकीच्या दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती आणि ती भरून यायला पुढं कितीतरी आठवडे लागले होते. “मला खात्री करू दे,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

खात्री त्यांनी रविवारी केली. उद्यमनगर रविवारी बंद असतं. बाईंनी सगळ्या नळ्या नव्या घातल्या. चकती, भांडी, बाक, पंख्याची पाती, सगळं धुऊन काढलं. खिडक्या चिकटपट्टीनं बंद केल्या, मागचं दार लावून त्याला आतून कुलूप घातलं, पुढचं शटर खाली ओढलं. भर दुपारी दिव्याच्या उजेडात त्या एकट्या आत बसल्या. बाहेरून कुणी येऊ शकत नव्हतं आणि आत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी गाळलेलं पाणी सोडलं आणि यंत्र सुरू केलं.

यंत्राला थोडा वेळ लागतो. बाई पाठ ताठ करून बसून राहिल्या. घामाचा एक ओघळ मानेवरून खाली गेला, तो त्यांनी पुसला नाही.

पडद्यावर आलं: मानवी कातडं, एक व्यक्ती. चारही खुणा. ताजं.

आणि आजवरच्या सगळ्या निकालांत ठळक.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. वळावंसं वाटत होतं, पण मान वळेना. त्यांनी बऱ्याच वर्षांत न उच्चारलेलं नाव घेतलं, अगदी हलक्या आवाजात, घरातलं कुणी झोपलेलं असावं तसं. “इंद्या?”

गाळ्यात पंखासुद्धा बंद होता. कुणी ओ दिली नाही. पण या खोलीत आपण एकट्या नाही, हे त्यांच्याच हातानं जोडलेलं यंत्र सांगत होतं, आणि ते खोटं बोलत नाही असं त्यांनी दोनशे गिऱ्हाइकांना लिहून दिलं होतं. शटर उघडून त्या थेट रस्त्यावर आल्या. त्यांना भीती वाटली होती. स्वतःच्या पोराची भीती वाटली याचीच त्यांना फार शरम वाटली.

त्या आठवड्यात त्यांना गडहिंग्लजला जायचं होतं. तिथं डॉक्टर शमशाद मुल्ला यांचं बाळंतपणाचं इस्पितळ आहे. गरोदर बायकांच्या लघवीतली प्रथिनं वाचून रक्तदाबाचा धोका आधीच ओळखता यावा म्हणून त्यांनी एक यंत्र मागवलं होतं. केतकी वर्कशॉपात राहिली, आणि वैजयंतीबाई बॅटरीवरच्या एसटीनं मांडीवर खोकं घेऊन गेल्या. इस्पितळात यंत्र मांडलं, आणि सवयीनं कोरा नमुना चालवला.

तो तिथंही होता.

बाईंना प्रथम वाटलं ते हे, की तो माझ्या मागं मागं फिरतोय. मग त्यांच्यातल्या शास्त्र शिकलेल्या बाई जाग्या झाल्या. त्यांनी केतकीला फोन करून त्या दिवशीच्या वर्कशॉपातल्या कोऱ्या नमुन्याचा निकाल मागवला. तो निमिषात फोनवर आला. त्यात इंद्रजित नव्हता. होता तो एक अर्धवट डाग, त्याच्या चारांपैकी दोनच खुणा असलेला, अगदी फिकट. पुसट वाचन असेल म्हणून बाईंनी तो बाजूला ठेवला.

म्हणजे ज्या खोलीत मी, त्याच खोलीत तो.

डॉक्टर शमशाद खुर्ची ओढून शेजारी बसल्या. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, डब्यापासून शटरपर्यंत. डॉक्टरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग त्यांनी विचारलं, “ताई, तो पोटात होता तेव्हा तुम्हाला कुठं मोठी जखम झाली होती का?”

झाली होती. सातव्या महिन्यात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, डाव्या हातावर कोपराखाली ॲसिड सांडलं होतं. तो डाग अजून होता आणि उन्हाळ्यात खाजायचा.

“पोटातलं मूल आईकडून नुसतं घेत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “देतं पण. त्याच्या काही पेशी नाळेतून आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिच्यात राहतात. जिथं जखम असेल तिथं जाऊन बसतात, कातडं भरून काढतात. सिझेरियनच्या व्रणांत अशा पेशी सापडल्यात. मूल जन्मलेलं असो, नाहीतर मध्येच गेलेलं असो, मागं काहीतरी ठेवून जातं ते.”

बाईंनी कापसाचे दोन बोळे घेतले. एक उजव्या हातावरून फिरवला, एक डाव्या हातावरच्या डागावरून, आणि दोन्ही वाचायला लावले. उजव्या बोळ्यात काही नाही, कारण बाई स्वतः वजाच होत होत्या. डाव्या बोळ्यात इंद्रजित, चारही खुणांसकट, नुकताच अंगावरून झडलेला.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” त्या म्हणाल्या, आणि हसायला गेल्या. ते हसू काही जमलं नाही. घाटात दरड उपसून थकलेल्या माणसांनी हात टेकले त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या, कारण माणूस सापडला नव्हता. आज सापडला होता आणि तो मेलेला होता. परक्या इस्पितळात, मिक्सरच्या बटणावर हात ठेवून, त्या पोटभर रडल्या.

परतीच्या गाडीत जीव हलका झाला होता. डाव्या हातावरून त्या हळूहळू बोटं फिरवत होत्या. साक्षीला जायचं हे आता ठरलंच होतं. सात वर्षं आपण त्याला रोज वजा करत आलो, तो दिसणार कसा! केतकीनं नाव काढलं आणि दिसला. सगळं नीट बसत होतं.

एकच गोष्ट बसत नव्हती. ते पुसट वाचन.

बाईंनी फोन काढून परत पाहिलं. पुसट वाचनात खुणा कुठंही कमी-जास्त गळतात. इथं तशा गळल्या नव्हत्या. इंद्रजितच्या चारांपैकी नेमक्या दोन होत्या, स्वच्छ, ताज्या. माणसाच्या निम्म्या खुणा घेऊन जगात एकच जण येतो, त्याचं मूल. उरलेल्या निम्म्या खुणा केतकीच्या असणार, आणि केतकी तर आधीच वजा होत होती. म्हणून आजवर दिसलं नव्हतं. त्याच्या सगळ्या खुणा घरातल्याच कुणाच्या तरी होत्या, आणि नाव काढल्यावरही त्या बाईंच्या हातावरच्या इंद्रजितच्या ठळक खुणांत मिसळून जात होत्या.

केतकीचे सोललेले तळवे त्यांना आठवले.

निपाणीचा थांबा गेला, कागल आलं, बाईंना कशाचं भान नव्हतं. केतकीला तेव्हा दिवस गेले होते. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आज दोनशे गावांत दोनशे मिक्सर होते. आपण स्वस्तात दिले म्हणून होते. उद्या हे कुणाच्या तरी ध्यानात येणारच. आज सोयरीक करताना पत्रिका मागतात. उद्या मुलीच्या हातावरून फिरवलेला बोळा मागतील. तिनं कधी, कुणाचं, किती दिवस पोटात वागवलं ते एका चहाच्या वेळात बाहेर येईल, आणि जी गोष्ट बाईनं स्वतःच्या आईलासुद्धा सांगितली नाही ती पॅथॉलॉजीच्या टेबलावर छापून येईल. लोक कसे असतात हे वैजयंतीबाईंना नव्यानं शिकायचं नव्हतं.

आणि जयसिंगपूरला जायचं ते यंत्र श्रेयसच्या घरच्याच पॅथॉलॉजीत जायचं होतं. लग्नानंतर तिथं ते चालवणार केतकीच.

वर्कशॉपात आल्या तेव्हा केतकी तेच यंत्र परत जोडत होती. बाईंनी तिला हातावरच्या डागाची हकीकत सांगितली, जशी घडली तशी. पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही पडली नाही. केतकी ऐकता ऐकता थांबली, आणि तिनं स्वतःचे तळवे उताणे करून पाहिले.

“आत्या, दुपारी माझा कोरा मागवलासा.”

“हो.”

“काय होतं त्यात?”

खोटं बोलायचं बाईंनी गाडीतच ठरवलं होतं. समोर केतकीचा चेहरा पाहून ते तोंडातून निघेना. “निम्मा होता,” त्या म्हणाल्या.

केतकी स्टुलावर बसली. “तिसरा महिना लागला होता. दरड पडली त्याच्यानंतर मुरगूडला, माहेरी गेलतो ना, तिथं गेलं. मी तुम्हाला सांगणार होतो. आई म्हणाली, नको. तिनं एक हरवलंय, दुसरं सांगून मारतीस काय तिला? मग महिने उलटले, आणि सांगायला तोंड राहिलं नाही.” तिनं समोरच्या यंत्राकडे पाहिलं. “श्रेयसला मी सांगंन कधीतरी. मी सांगंन. यंत्रानं सांगायचं नाही.”

“यंत्र सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “कुणाचंच सांगणार नाही.”

त्यांनी काय करायचं ठरवलंय ते केतकीला समजावलं. नुसतं इंद्रजितचं नाव परत घालून भागणार नव्हतं. त्यानं ह्या दोघी झाकल्या असत्या, बाकीच्या बायका उघड्या राहिल्या असत्या. म्हणून यंत्राच्या मुळातच असा नियम घालायचा, की एखाद्या बाईच्या खुणांबरोबर तिच्या रक्ताची दुसरी फिकट सावली आली तर ती मोजायचीच नाही. दोनशे यंत्रांना नवा नियम पाठवायचा, आणि तो कुणा गिऱ्हाइकाला काढता येऊ नये असा पक्का करायचा. यंत्र त्यानं थोडं आंधळं होणार होतं. परदेशी पेट्या तेवढ्यापुरत्या पुढं जाणार होत्या, आणि त्या उद्या काय दाखवतील त्यावर बाईंचा इलाज नव्हता.

“म्हणजे तो परत दिसणार नाही तुम्हाला,” केतकी म्हणाली.

“नाही.”

“एक यंत्र तसंच ठेवा. घरी. कुणाला कळतंय?”

बाईंनी विचार केला. खोटं कशाला सांगा, गाडीत कागलपासून कोल्हापूरपर्यंत त्यांनी दुसरा कसलाच विचार केला नव्हता. “एक ठेवलं की दुसरं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि मी रोज बघत बसेन. मला मी माहीत आहे.”

त्या संगणकाकडे वळल्या. नियम लिहायला फार वेळ लागला नाही. शेवटची कळ दाबायची राहिली तेव्हा केतकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आत्या. त्याच्या आधी एकदा.”

दोघी यंत्रापाशी आल्या. केतकीनं चकती विसळली आणि पाणी भरलं. बाईंनी डावा हात कोपरापर्यंत उघडा करून यंत्राच्या तोंडाशी धरला, केतकीनं आपले तळवे एकमेकांवर घासून शेजारी धरले. शेजारचा लेथ एकदम बंद झाला. गाळ्यात चारजण असावेत तशी ती शांतता होती, आणि या वेळी बाईंना भीती वाटली नाही.

पडद्यावर आलं: मानवी कातडं, दोन व्यक्ती. वर इंद्रजितच्या चार खुणा आणि खाली त्याच्यातल्या दोन. ज्यांची कधी गाठ पडली नाही, ते बापलेक कोऱ्या पाण्यात एकाखाली एक उभे होते.

केतकी पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिनं विचारलं, “मुलगा की मुलगी, कळतं का?”

“कातड्यावरून नाही कळत,” बाई म्हणाल्या. हे खरंच होतं.

मग केतकीनं स्वतःच मान हलवली आणि बाईंनी कळ दाबली. कोरा नमुना परत चालवला. यंत्र म्हणालं, काही नाही. त्यांनी ते खोक्यात घातलं आणि पट्टी मारली.

तारखेला श्रेयस गाडी घेऊन आला. कोर्टाची खोली लहान होती, आणि न्यायाधीश वयानं केतकीएवढ्याच एक बाई होत्या. वैजयंतीबाईंनी शपथ घेतली. केतकी समोरच्या बाकावर बसली होती, श्रेयस तिच्या शेजारी.

“तुमचा मुलगा इंद्रजित याची गेल्या सात वर्षांत काही खबर?” वकिलानं विचारलं.

“नाही.”

“तो कुणाला दिसला, कुणाशी बोलला, असं काही कानावर?”

“नाही.”

वकील खाली बसू लागला. न्यायाधीशांनी पेन वर केलं. वारसांचा प्रश्न असतो म्हणून विचारावं लागतं, असं म्हणून त्यांनी केतकीकडे पाहिलं. “इंद्रजितपासून तुम्हाला मूलबाळ?”

केतकी उभी राहिली. तिची नजर स्वतःच्या तळव्यांवर गेली. श्रेयसनं वर पाहिलं. खोलीतले सगळेच तिच्याकडे पाहू लागले.

“साहेब, ते मला विचारा,” साक्षीच्या पिंजऱ्यातून वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. “मी आजी आहे ना. मला माहीत असतं.”

न्यायाधीश त्यांच्याकडे वळल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मूलबाळ नाही.”